रुळांपासून प्रकाशतंतूंपर्यंत : दर्यापूर परिसरातील संपर्कमार्गांच्या जुळणीचा इतिहास

१

दर्यापूर-बनोसा ह्या जोडगावांच्या अर्वाचीन इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथम लक्षात येते. चंद्रभागेच्या काठी, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वसलेले हे तालुक्याचे ठिकाण कापसाच्या व्यापारामुळे दूरच्या जगाशी जोडले गेले खरे. परंतु ते थेट कधीच जोडले गेले नाही. मध्ये नेहमी एक सांधा राहिला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला, तो अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ह्या स्थानकांवरून. दर्यापूर त्या मार्गाच्या उत्तरेस राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापुराहून एका बाजूस यवतमाळ व दुसऱ्या बाजूस अचलपूर असे दोन छोटे मार्ग निघाले आणि अचलपूरच्या मार्गावर दर्यापूरसाठी बनोसा हे स्थानक आले. लोक ज्या गाडीस प्रेमाने 'शकुंतला' म्हणत, ती हीच.

ह्या गाडीविषयी हळवेपणाने पुष्कळ लिहिले गेले आहे. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, तिची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली, इत्यादी गोष्टी वाचकांस परिचित असतील. प्रस्तुत निबंधास त्यांपैकी एकच बाब उपयोगाची आहे आणि ती म्हणजे रुळांमधील अंतर. मुख्य मार्गाच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर शकुंतलेच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. म्हणजे बनोशास भरलेली कापसाची गाठ त्याच डब्यातून मुंबईस जाऊ शकत नसे. मूर्तिजापुरास ती हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई. मार्ग दोन्हीकडे अखंड होता. श्रम, वेळ आणि नासाडी ही सगळी त्या एका सांध्यावर साठलेली होती. दर्यापुरास आलेल्या पुढच्या प्रत्येक संपर्कसाधनाच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. त्यांतील सर्वांत अलीकडचे साधन, म्हणजे प्रकाशतंतू, ह्याच्या संदर्भात तो येथे तपासावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, तंत्रज्ञ नव्हे. तरीही हा विषय हाती घेण्याचे कारण पुढे चौथ्या भागात येईल. ते कारण फारसे अभिमानास्पद नाही.

२

लोहमार्गाबरोबर तारायंत्र आले. तारेच्या बाबतीत जुळणीचा प्रश्न तुलनेने सोपा होता. खांबावरची लोखंडी तार, दोन्ही टोकांस विद्युत्घट, आणि एका टोकास दाबलेली कळ दुसऱ्या टोकास ऐकू यावी एवढीच अपेक्षा. एका कारखान्यातील यंत्र दुसऱ्या कारखान्यातील यंत्रास जोडण्यास अडचण नसे, कारण खरी जुळणी तारवाल्यांच्या कानांत होती. दोघांस एकच मॉर्स संकेतावली अवगत असली म्हणजे काम भागे. ही संकेतावली निरनिराळ्या देशांत सारखी नव्हती. ती सारखी व्हावी ह्यासाठी १८६५ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय तार संघटना स्थापन झाली आणि हिंदुस्थान १८६९ पासून तिचा सभासद आहे. ही संघटना आजही निराळ्या नावाने अस्तित्वात आहे, आणि आज ज्या काचेच्या तंतूतून दर्यापूरचा पत्रव्यवहार जातो त्या तंतूचे मोजमाप ठरविणारी 'जी ६५२' ही शिफारसही तिचीच. आपल्याकडील तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. ती सेवा एकरूप करण्यासाठी निघालेली संघटना मात्र तिच्या मागे उरली.

दूरध्वनीच्या काळात तांब्याच्या जोडतारा आल्या. खारपाणपट्ट्यातील जमीन ह्या धातूंस मानवणारी नव्हे. क्षारयुक्त ओलाव्याने धातू खातो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीस भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि पुरलेली तार प्रत्येक ऋतूत थोडी ओढली जाते. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट ह्या संस्थेने खेड्यांसाठी तयार केलेली छोटी स्वयंचलित केंद्रे, ज्यांतील पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले, धूळ व उष्णता सहन करीत. परंतु केंद्र आणि घर ह्यांमधील तांबे तेच राहिले. ह्या टप्प्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

३

प्रकाशतंतूंचा इतिहास आता पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणून जुळणीच्या प्रश्नास आवश्यक तेवढाच भाग सांगतो. पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंह कपानी ह्यांनी १९५४ साली हॉपकिन्स ह्यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखविली. परंतु त्या काळची काच इतकी मलिन होती की, काही मीटरांपलीकडे प्रकाश उरत नसे. १९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम ह्यांनी इंग्लंडात असे प्रतिपादन केले की, दोष काचेच्या स्वभावाचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे, आणि प्रकाशाची घट दर किलोमीटरला वीस डेसिबेलपर्यंत उतरविता आली तर तंतू दळणवळणास उपयोगी पडेल. वीस डेसिबेल म्हणजे शंभरातील एक हिस्सा प्रकाश शिल्लक राहणे. १९७० साली कॉर्निंग ह्या अमेरिकन कारखान्यातील मॉरर, केक आणि शुल्ट्झ ह्यांनी ती मर्यादा ओलांडली. काओ ह्यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९७९ हे होय. त्या वर्षी भारतातील पहिला प्रकाशतंतू-मार्ग स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी पुणे येथे सुरू झाला. ह्या विद्येचे भारतातील पहिले प्रत्यक्ष पाऊल मराठी मुलखात पडले, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत अद्याप शिरलेली नाही. पुढे नव्वदीच्या दशकात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे काचतंतू ओढण्याचा कारखानाही उभा राहिला.

आता मुख्य मुद्दा. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत व इंग्लंडात जे पहिले मार्ग चालू झाले ते जाड गाभ्याच्या तंतूंचे होते. तंतूच्या मध्यभागी गाभा असतो, त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे वेष्टन असते, आणि प्रकाश गाभ्यातच परत परत वळविला जातो. गाभा पन्नास मायक्रोमीटर जाड असला तर प्रकाशास त्यातून जाण्याच्या अनेक वाटा असतात. म्हणून त्यास 'मल्टीमोड' म्हणतात. आपण 'बहुवाट' म्हणू. अनेक वाटांनी निघालेले किरण एकाच वेळी पोचत नाहीत, ते पसरतात, आणि संदेशातील दोन स्पंद एकमेकांत मिसळतात. गाभा सुमारे नऊ मायक्रोमीटरांवर आणला तर एकच वाट उरते. तो 'सिंगल मोड', आपला 'एकवाट' तंतू. त्यात पसरण अत्यल्प, परंतु इतक्या बारीक गाभ्यात प्रकाश शिरविण्यास नेमका लेसर व नेमका सांधा लागतो. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी मार्गांनी ऐंशीच्या दशकात एकवाट तंतू स्वीकारला. ह्याच काळात इमारतींमधील संगणक जोडण्यासाठी स्वस्त दीप चालावेत म्हणून आणखी जाड, साडेबासष्ट मायक्रोमीटर गाभ्याचा बहुवाट तंतू पुढे आला आणि अनेक महाविद्यालयांत व कचेऱ्यांत तोच पसरला.

प्रकाशाच्या रंगाचेही असेच झाले. ८५० नॅनोमीटर ही तरंगलांबी निवडली गेली ती काचेस आवडते म्हणून नव्हे, तर त्या काळी मिळणारे अर्धवाहक प्रकाशस्रोत तेथेच चालत म्हणून. पुढे १३१० ह्या तरंगलांबीवर स्पंद कमीत कमी पसरतो आणि १५५० वर काच सर्वांत पारदर्शक असते, हे ध्यानात आल्यावर लांबच्या मार्गांनी तिकडे स्थलांतर केले. हे तिन्ही आकडे आज एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि घेणाऱ्यास वाटते की, ह्यांत भाव सोडला तर फरक नाही. वस्तुतः ते तीन निरनिराळ्या दशकांचे अवशेष होत. भाषेतही एकाच वाक्यात तत्सम, फारसी व इंग्रजी शब्द असेच शेजारी नांदतात. पण तेथे चुकीचा शब्द निवडला तरी अर्थ बहुधा पोचतो.

आणि येथेच रुळांहून तंतूंचा प्रश्न अधिक फसवा ठरतो. मूर्तिजापुरास दोन रुळांच्या रुंदीतील तफावत अडाण्यासही दिसे. तंतूंच्या बाबतीत गाभा नऊ असो, पन्नास असो की साडेबासष्ट असो, बाहेरच्या वेष्टनासह तंतूचा व्यास १२५ मायक्रोमीटर हाच ठेवलेला आहे. म्हणून एकाची जोडणी दुसऱ्याच्या खोबणीत बेमालूम बसते. आतून मात्र साडेबासष्ट आणि नऊ ह्या गाभ्यांच्या क्षेत्रफळांत सुमारे अठ्ठेचाळीस पटींचे अंतर आहे. जाड गाभ्यातून बारीक गाभ्यात जाताना बहुतेक प्रकाश वेष्टनात सांडून नाहीसा होतो. हिंदीतील 'शिक्षा' आणि मराठीतील 'शिक्षा' ह्यांचा बाह्य आकार एकच आहे, म्हणूनच नवख्या माणसाची फजिती होते.

४

२०२२ साली आम्ही काही सहकारी दर्यापूर व अंजनगाव ह्या तालुक्यांतील वऱ्हाडी बोलीची ध्वनिमुद्रणे जमवीत होतो. 'ळ' च्या जागी 'य' उच्चारण्याची प्रवृत्ती, 'मला' ऐवजी 'मले' आणि 'जायला' ऐवजी 'जाले' ही रूपे कोणत्या वयोगटात कितपत टिकून आहेत, हा आमचा विषय. ही मुद्रणे परिसरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील मोठ्या साठवण यंत्रात ठेवावयाची असे ठरले होते. भाषा विभागाची इमारत ग्रंथालयापासून सुमारे दोनशे साठ मीटर दूर. तांब्याच्या संगणक-तारेची मर्यादा शंभर मीटरांची, शिवाय वऱ्हाडातील वळवाच्या विजेने दोन इमारतींमधली तांब्याची तार दोनदा जाळलेली. म्हणून तेथे पूर्वीच नारिंगी आवरणाचा प्रकाशतंतू टाकलेला होता, आणि तो सेकंदास एक गिगाबिट ह्या वेगाने अनेक वर्षे विनातक्रार चालत होता.

त्या वर्षी दोन्ही इमारतींत दहा गिगाबिट वेगाचे नवे स्विच आले. स्विचच्या खोबणीत बोटाएवढा एक घटक बसवावा लागतो. तो विद्युत्संदेशाचा प्रकाश करतो आणि आलेल्या प्रकाशाचा पुन्हा विद्युत्संदेश करतो. त्यास ट्रान्सीव्हर म्हणतात. बाजारात 'मोड्यूल' हाच शब्द रूढ आहे. खरेदी समितीत प्रस्तुत लेखक होता. दोन प्रकारचे मोड्यूल पुढे आले : ८५० नॅनोमीटरचा 'एस-आर' आणि १३१० नॅनोमीटरचा 'एल-आर'. पहिला स्वस्त, बहुवाट तंतूसाठी, तीनशे मीटरांपर्यंत चालणारा. दुसरा महाग, एकवाट तंतूसाठी, दहा किलोमीटरांपर्यंत चालणारा. आमचा तंतू बहुवाट होता, अंतर दोनशे साठ मीटर होते. निर्णय सोपा वाटला.

तो चुकला ह्याचे कारण त्या 'तीनशे मीटर' ह्या शब्दांत आहे. तीनशे मीटर हा पल्ला 'ओएम-३' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लेसरसाठी सुधारलेल्या पन्नास मायक्रोमीटर गाभ्याच्या तंतूचा आहे. साधारणतः त्याचे आवरण निळसर-हिरवे असते. आमचा नारिंगी तंतू साडेबासष्टचा, म्हणजे 'ओएम-१' होता. त्यावर एक गिगाबिटचा ८५० नॅनोमीटर संदेश २७५ मीटरांपर्यंत जातो, म्हणून इतकी वर्षे दोनशे साठ मीटर निभावले. दहा गिगाबिटचा 'एस-आर' संदेश मात्र त्याच तंतूवर जेमतेम तेहतीस मीटर जातो. वेग दहापट झाला की स्पंद दहापट आखूड होतो आणि वाटांमधील तेवढीच पसरण त्यास पुसून टाकण्यास पुरते. जुन्या तंतूंसाठी काढलेला 'एल-आर-एम' नावाचा एक मधला प्रकार आहे. पण त्याची मर्यादाही दोनशे वीस मीटर, म्हणजे आमच्या अंतरास चाळीस मीटर अपुरी.

मार्ग पूर्ण बंद पडला असता तर बरे झाले असते. तो कधी जुळे, कधी तुटे. दिवा हिरवा दिसे. एका संध्याकाळी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने एका वृद्ध स्त्रीच्या जात्यावरच्या ओव्यांचे मुद्रण ग्रंथालयाच्या यंत्रात पाठविले, पडद्यावर संचिकेचे नाव उमटलेले पाहिले, आणि दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी मुद्रणयंत्राचे कार्ड पुसले. प्रत अर्धवट उतरली होती. ती पडताळून न पाहता कार्ड पुसण्याची मुभा देणारी आमची कार्यपद्धती सदोष होती, हे येथे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे. तंतूवर सगळा ठपका ठेवता येणार नाही. आम्ही पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा त्या बाई हयात नव्हत्या.

दोष शोधून काढला तो दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका जोडकाम करणाऱ्या गृहस्थांनी. त्यांनी कोणतेही उपकरण बाहेर काढण्यापूर्वी जिन्याखाली बसून केबलच्या आवरणावरची धूळ पुसली आणि छापलेली अक्षरे मोठ्याने वाचली : साडेबासष्ट भागिले एकशे पंचवीस. मग ते म्हणाले, "सर, केबलवर लिवलं हाये की सारं. वाचाले का पैसे पडते?" ज्याचा व्यवसायच वाचणे हा आहे त्यास ह्यावर उत्तर नव्हते.

५

ह्या गृहस्थांबरोबर पुढे झालेल्या बोलण्यांतून आणि मागाहून केलेल्या वाचनातून जे हाती आले ते असे की, निवड मोड्यूलपासून सुरू करणे हीच मूळ चूक होय. मोड्यूल बदलता येतो, जमिनीत पुरलेला तंतू सहसा बदलता येत नाही. म्हणून प्रथम तंतू वाचावा. आवरणाच्या रंगावर विसंबू नये. नारिंगी रंग साडेबासष्ट आणि जुना पन्नास ह्या दोहोंसही असतो, आणि बाहेर उघड्यावर टाकावयाच्या केबलचे आवरण आतला तंतू कोणताही असला तरी बहुधा काळेच असते. अक्षरे हाच खरा पुरावा. त्यानंतर अंतर, त्यानंतर वेग, आणि मग दोन्ही टोकांस एकाच प्रमाणाचा, एकाच तरंगलांबीचा मोड्यूल. एका टोकाचा पाठविणारा तंतू दुसऱ्या टोकाच्या घेणाऱ्या मुखात गेला पाहिजे. सरळ जोडले तर दोघेही बोलतात आणि दोघेही ऐकत नाहीत. एकाच तंतूवरून दोन्ही दिशांनी बोलणाऱ्या मोड्यूलांची जोडी ह्या नियमास अपवाद आहे : तेथे एक १३१० वर पाठवून १५५० वर ऐकतो, तर दुसरा १५५० वर पाठवून १३१० वर ऐकतो. तेथे दोन्ही टोकांस सारखेच घटक आणणारा फसतो.

लांबच्या मार्गावर हिशेब अधिक काटेकोर करावा लागतो. उदाहरणादाखल अमरावती ते दर्यापूर घ्या. रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर. एकवाट तंतूत १५५० नॅनोमीटरवर दर किलोमीटरला पाव डेसिबेल घट धरली तर साडेबारा डेसिबेल झाले. केबल दोन दोन किलोमीटरांच्या रिळांत आली असे मानले तर मध्ये चोवीस सांधे. प्रत्येकी एक दशांश डेसिबेल म्हणजे आणखी दोन पूर्णांक चार. दोन टोकांच्या जोडण्या मिळून एक. उद्या नांगराने किंवा रस्तारुंदीच्या यंत्राने तंतू तुटला तर नवे सांधे येणारच, म्हणून तीन डेसिबेल राखीव. एकूण सुमारे एकोणीस. चाळीस किलोमीटरांच्या दहा गिगाबिट मोड्यूलास अकरा डेसिबेलच्या आसपास घट सोसते, म्हणून तो निरुपयोगी. ऐंशी किलोमीटरांच्या मोड्यूलास चोवीसपर्यंत सोसते, म्हणून तो चालेल. १३१० वर हाच हिशेब चोविसापर्यंत चढतो. परंतु 'मोठा पल्ला म्हणजे चांगला माल' असे समजून हाच ऐंशी किलोमीटरांचा मोड्यूल दोन शेजारच्या इमारतींत बसविला तर त्याचा झोत समोरच्या ग्राहकास सोसत नाही. तो ऐकेनासा होतो, प्रसंगी कायमचा निकामी होतो. मध्ये अकराहून अधिक डेसिबेलचा क्षीणक घालावा लागतो, म्हणजे आधी महाग प्रकाश विकत घेऊन मग तो विझविण्यासाठी पुन्हा पैसे मोजावयाचे.

ग्रामपंचायतींपर्यंत पोचलेला मार्ग निराळ्या रचनेचा आहे. राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ मध्ये तिचे 'भारतनेट' असे नामांतर झाले, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' ह्या नावाने राज्याने अंगावर घेतले. ह्या योजनेत 'जीपॉन' ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली : तालुक्याच्या केंद्रातून एक तंतू निघतो, वाटेत काचेच्या विभाजकाने त्यातील प्रकाश अनेक गावांत वाटला जातो, आणि वाटेत कोठेही वीज लागत नाही. भारनियमनाच्या मुलखात ह्या शेवटच्या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको. उतरता संदेश १४९० नॅनोमीटरवर, चढता १३१० वर. बत्तीस वाटे केले तर केवळ वाटणीतच सुमारे साडेसतरा डेसिबेल खर्च होतात. वीस किलोमीटरांचे सात धरले की साडेचोवीस. रूढ वर्गातील उपकरणांस एकंदर अठ्ठावीस सोसतात. उरलेल्या साडेतीन डेसिबेलांत सगळे सांधे, सगळ्या जोडण्या आणि सगळे हलगर्जीपण बसवावे लागते. हे बसत नाही, तेव्हा तलाठ्याच्या कचेरीत सात-बाराचा उतारा निघत नाही आणि लोक म्हणतात, "नेट नाही."

ह्या हलगर्जीपणाचा सर्वांत सामान्य प्रकार रंगाने ओळखता येतो. जोडणीच्या टोकास तंतू सरळ घासलेला असेल तर ती निळी, आणि परावर्तित प्रकाश मागे फिरू नये म्हणून आठ अंशांच्या कोनात घासलेला असेल तर ती हिरवी. हिरवी जोडणी निळ्या खोबणीत बसते; परंतु दोन काचांची तोंडे एकमेकांस टेकत नाहीत, मध्ये पाचरीएवढी हवा राहते आणि तेवढ्यात राखीव डेसिबेल संपून जातात. पुन्हा तेच : बाहेरून बसते, आतून जुळत नाही. मोड्यूलच्या खोबणीचीही हीच कथा आहे. एक गिगाबिट आणि दहा गिगाबिट ह्यांचे मोड्यूल आकाराने सारखेच. एक गिगाबिटचा मोड्यूल दहाच्या खोबणीत पुष्कळदा चालतो, उलट सहसा चालत नाही.

ह्या आकाराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. तो कोणत्याही शासनाने वा आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरविलेला नाही. २००१ च्या सुमारास काही कारखानदारांनी आपसांत करार करून तो निश्चित केला, जेणेकरून कोणाचाही मोड्यूल कोणाच्याही स्विचमध्ये बसावा. परंतु त्याच करारात प्रत्येक मोड्यूलच्या पोटात एक लहानशी स्मृती ठेवण्याची सोय झाली. तीत निर्मात्याचे नाव, प्रकार, तरंगलांबी इत्यादी नोंदलेले असते. पुढे काही स्विचनिर्मात्यांनी ही नोंद वाचून आपले नाव आढळले तरच मोड्यूल चालू करावयाचा, अशी व्यवस्था केली. प्रकाश तोच, तंतू तोच, प्रमाण तेच, आणि तरी यंत्र नकार देते. येथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. दोन टोकांचे मोड्यूल एकाच कारखान्याचे असावे लागतात, असे सांगितले जाते. तसे काही नाही. काचेतून जाणारा प्रकाश निर्मात्याचे नाव नेत नाही. मोड्यूल जुळावा लागतो तो समोरच्या मोड्यूलशी प्रमाणाने आणि आपल्या घरच्या स्विचशी नावाने.

अमरावती जिल्ह्यात राहणाऱ्या भाषाभ्यासकास येथे रिद्धपूर आठवल्याखेरीज राहत नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. भाषा मराठीच, अक्षरांची अदलाबदल तेवढी केलेली. ज्यास किल्ली ठाऊक नाही त्यास पोथी हातात असूनही मुकी. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी ती किल्ली अभ्यासकांसमोर आणली तेव्हा कुठे आद्य मराठी गद्याचे भांडार मोकळे झाले. आता २०२४ पासून रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. महानुभावांचा हेतू आपल्या वाङ्मयाचे रक्षण हा होता, आणि त्याविषयी आदरच वाटतो. स्विचच्या किल्लीमागे विक्रीखेरीज दुसरा हेतू असल्यास तो प्रस्तुत लेखकास दिसलेला नाही. निर्माते गुणवत्तेचे कारण पुढे करतात. ते काही अंशी खरेही असेल, कारण निकृष्ट मोड्यूल बाजारात आहेत. परंतु सार्वजनिक पैशातून यंत्रे घेणाऱ्या संस्थेने मागणीपत्रातच अन्य निर्मात्यांचे मोड्यूल चालले पाहिजेत अशी अट घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूर्तिजापुरातील हमालांचा खर्च शेवटी कापूस पिकविणाऱ्यावरच पडत असे.

आमच्या दोन इमारतींमध्ये २०२३ साली पिवळ्या जोडतारांना जोडलेला नवा एकवाट तंतू टाकण्यात आला. दोन्ही टोकांस 'एल-आर' मोड्यूल, भिन्न निर्मात्यांचे. हा प्रकार इतक्या आखूड अंतरावरही ग्राहकास सोसतो, क्षीणक लागत नाही. मोड्यूल स्वतःच मोजून दाखवितो त्याप्रमाणे पोचणारा प्रकाश एका मिलिवॅटहून तीन डेसिबेल खाली, म्हणजे सुमारे अर्धा मिलिवॅट आहे. दोन्ही पेट्यांच्या झाकणांवर तंतूचा गाभा, तरंगलांबी आणि जोडणीचा रंग मराठीत लिहून चिकटविला आहे. कार्ड पुसण्यापूर्वी दोन्ही प्रतींची बेरीज-पडताळणी करण्याचा नियम झाला. त्या वृद्ध स्त्रीच्या ओव्यांचे मुद्रण अकरा मिनिटांवर, एका ओवीच्या दुसऱ्या चरणात तुटते. संग्रहाच्या सूचीत ते 'अपूर्ण' असे नोंदविले आहे.